तिसरं वाचन

भाऊला पोलिसांनी नेलं तेव्हा घरात कमावणारे दोनच हात उरले, ते मायचे. बाप मी तिसरीत असतानाच गेला होता. शेत आमचं कधीच नव्हतं. माय लोकांच्या वावरात निंदायला, सोंगायला जायची. त्या कामानं तिच्या बोटांवरच्या रेषा इतक्या घासून गेल्या होत्या की रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठायचा नाही. दुकानदार म्हणायचा, "मावशी, हात धुऊन या." ती धुऊन यायची, पदराला पुसायची, पुन्हा ठेवायची. मशीन लाल दिवा दाखवायचं. मग मी कॉलेज बुडवून दुकानात जायचे आणि माझा अंगठा द्यायचे, तेव्हा घरात तांदूळ यायचे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. हे मी आजही मान वर करून सांगते, आणि पुढे जे लिहिणार आहे ते माहीत असूनही सांगते.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. नववीत शाळा सोडून तो बॅण्डपार्टीत गेला. ढोल वाजवायचा. लग्नसराईत लाल कोट, सोनेरी पट्टी, डोक्यावर तुरा. कोट त्याला आखूड व्हायचा, मनगटं बाहेर राहायची. माझी फी, बसचा पास, पुस्तकं, सगळं त्या ढोलातून आलं. मला तो 'मॅडम' म्हणायचा. आधी चिडवायला म्हणायचा, नंतर सवयच झाली.

एका वरातीत भांडण झालं. वरात चौकात किती वेळ थांबवायची यावरून दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या अंगावर गेली, ढकलाढकली झाली. त्यात एक माणूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डोक्यानं आपटला आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. बॅण्डवाले मध्ये पडले होते, सोडवायला. फिर्यादीत पाच नावं आली, त्यातलं एक माझ्या भावाचं. तोवर बॅण्ड पुढच्या सुपारीला परभणी-नांदेडकडे निघून गेला होता. भाऊला आपलं नाव आल्याचं ठाऊकच नव्हतं. तो दीड महिना तिकडे ढोल वाजवत फिरला आणि इकडे कागदावर 'फरार' असं लिहिलं गेलं. त्या एका शब्दानं त्याचा जामीन दोनदा फेटाळला गेला. सदोष मनुष्यवध, जास्तीत जास्त दहा वर्षं, शिवाय मारहाण आणि बेकायदा जमाव. निकाल लागायचा होता, खटला नीट सुरूही झाला नव्हता, आणि तो वाशीमच्या कारागृहात कच्चा कैदी म्हणून बसला होता.

मायला हा शब्द पहिल्यांदा मीच समजावून सांगितला.

"कच्चा म्हंजे?"

"म्हंजे अजून गुन्हा शाबीत नाही झाला."

"मंग ठेवला काहून? कच्चं कोनी तोडते का?"

मी हसले तेव्हा. ती नाही हसली.

भेटीला जायचं म्हणजे पहाटे उठून मानोऱ्याची गाडी, तिथून वाशीम. मायची त्या दिवसाची रोजी बुडायची. काचेपलीकडे भाऊ, मधे फोनचा रिसीव्हर, पंधरा-वीस मिनिटं. माय रिसीव्हर नीट कानाला लावायची नाही, काचेलाच तोंड लावून बोलायची. भाऊ म्हणायचा, "माय, फोनवर बोल, फोनवर." ती म्हणायची, "मले दिसून राह्यलास ना तू, मंग फोन कायले?"

आता वाचनाचं सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

आमच्या बुद्धविहारात पावसाळ्याचे तीन महिने ग्रंथवाचन असतं. संध्याकाळी बाया पांढरी लुगडी नेसून येतात, चटईवर बसतात, एकजण वाचतो. दहावीपासून वाचायचं काम माझ्याकडे आलं. एक एक ओळ, थांबत थांबत. कुणाला कळलं नाही तर मागे जायचं, पुन्हा वाचायचं, अर्थ सांगायचा. घाई नसते. एखाद्या पानाला अख्खी संध्याकाळ जाते. माय पहिल्या रांगेत बसायची आणि उठताना शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमची पोट्टी वाचते तं अक्षर सुटत नाई."

पदवी झाल्यावर मी मानोऱ्याला एका सेतू केंद्रात लागले. दाखले, अर्ज, प्रिंटा. तिथे फोनवर बातमी वाचली की फौजदारी कायदे बदलणार, संसदेत नवी विधेयकं आली. त्यात एक गोष्ट होती: पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला कच्चा कैदी, जास्तीत जास्त शिक्षेचा तिसरा हिस्सा आत राहिला, तर त्याला सोडायचं. दहा वर्षांचा तिसरा हिस्सा म्हणजे तीन वर्षं चार महिने.

संध्याकाळी घरी येऊन मायला सांगितलं. तिसरा हिस्सा तिला शिकवावा लागला नाही. बापाच्या वेळेस ते दोघं लोकांचं वावर तिसऱ्या हिश्शानं करायचे, पिकाचे दोन हिस्से मालक न्यायचा.

"म्हंजे दोन हिस्से माफ?" ती म्हणाली. "सरकार मालकाहून बरं हाय मंग."

"माफ नाही माय. केस चालूच राहते. पण भाऊ घरी राहून तारखेला जाईल."

"घरी राहीन ना? बस."

मग मी तिला विधेयकाचा कायदा कसा होतो ते सांगितलं. राज्यशास्त्राच्या पेपरात सहा मार्कांचा प्रश्न होता तो, मला सहापैकी सहा होते. पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, मग दुसरं सभागृह, मग राष्ट्रपतींची सही, झाला कायदा. मी बोटांवर मोजून दाखवलं. मायनं एकच शब्द धरला.

"तीन खेपा वाचतेत?"

"हो."

"सगळ्यायच्या समोर?"

"हो, सभागृहात."

"मंग चांगलं हाय," ती म्हणाली. "तीन खेपा वाचलं तं कोनाच्या ना कोनाच्या ध्यानात येईनच, की बिनागुन्ह्याचं लेकरू आत हाय."

मी तिला सांगायला हवं होतं की ते वाचन म्हणजे आपलं वाचन नव्हे. पुस्तकात 'वाचन' असं लिहिलेलं असतं, पण कुणी काही वाचत नाही. सांगितलं नाही. तिचा चेहरा पाहून जीभ वळली नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते पूर्ण ठाऊक नव्हतं. मी उत्तर पाठ केलं होतं. सभागृह पाहिलं नव्हतं.

पहिलं वाचन मिनिटभरात झालं. मंत्री उठले, नाव घेतलं, मांडलं, बसले. विधेयकं समितीकडे गेली. हिवाळ्यात ती मागे घेतली गेली आणि दुरुस्त करून पुन्हा मांडली गेली. त्या दिवशी माय घाबरली.

"मागं घेतली म्हंजे रद्द?"

"नाही, सुधारून परत आणली."

"मंग पहिलं वाचन परत?"

"परत."

"बरं झालं. एक खेप जास्तीची झाली."

मंजुरीच्या दिवशी मी सुट्टी घेतली. माय निंदायला गेली नाही. तिनं आंघोळ केली आणि पांढरं लुगडं नेसली. तिनं चटई टाकली, मी पिठाच्या डब्याला फोन टेकवून ठेवला आणि संसदेचं चॅनेल लावलं. ती हात जोडून बसली. हिंदी तिला कळायचं, आमच्याकडे सगळ्यांनाच कळतं.

भाषणं चालली होती. गुलामीच्या काळातले कायदे, दंडाऐवजी न्याय, असं बरंच. माय प्रत्येक भाषणाला मान हलवायची. मधेच म्हणाली, "तिकडची बाकडी खाली काहून हायेत?"

"विरोधी पक्षाची आहेत ती. पुष्कळ जणांना निलंबित केलं."

"म्हंजे?"

"बाहेर काढलं."

"शाळेवानी?" ती थोडी हसली. मग तिला काळजी वाटली. "मंग इचारीन कोन? वाचताना कोनी इचारलं नाई तं कसं समजीन?"

मंत्र्यांच्या भाषणात तिसऱ्या हिश्शाचं आलं. मी मायचा गुडघा दाबला. "हेच, हेच ते!" ती फोनच्या इतकी जवळ सरकली की तिच्या श्वासाचा दमटपणा काचेवर आला. आमच्या भाऊचं कुणी नाव घेतल्यासारखे तिचे डोळे भरले होते. तो क्षण मी नाकारणार नाही. दिल्लीच्या सभागृहात आमच्या घरातलं दुखणं कुणीतरी मोठ्यानं बोललं, हे मी कानांनी ऐकलं.

मग मतदान आलं. अध्यक्षांनी हिंदीतून विचारलं की खंड दोनपासून थेट पाचशेच्या पुढच्या अमुकपर्यंत विधेयकाचा भाग व्हावेत का. बाजूचे असतील त्यांनी हो म्हणावं, विरोधातले असतील त्यांनी नाही. "हां" असा आवाज झाला. मंजूर. खंड म्हणजे कलम; त्या एका श्वासात आमचं कलमही गेलं. मी आकडा ऐकायला कान टवकारून बसले होते. तो घेतलाच नाही कुणी, दोन आकड्यांच्या मधेच राहिला. लगेच पुढचा प्रश्न, विधेयक मंजूर करावं का, हेच ते तिसरं वाचन. "हां." बाकं वाजली.

"झालं माय! मंजूर!"

ती अजून हात जोडूनच होती.

"वाचलं कवा?"

"झालं ना. आवाजी मतदानानं."

"पन वाचलं कवा व? मी ध्यान देऊन आयकून राह्यली होती."

"असंच असते ते माय. आधी सगळ्यांनी वाचलेलं असते."

ती उठली, चटई गुंडाळली. "तू वाचलं ना?" म्हणाली. "तू वाचलं असशीन तं बरोबर असन."

मी वाचलं होतं. सेतूच्या कॉम्प्युटरवर हिंदी मसुदा उघडून ते कलम शोधलं होतं, स्क्रीनवर जेवढं दिसलं तेवढ्याची प्रिंट काढली होती. एक पान. तिसरा हिस्सा त्याच पानावर होता. पुढचं पान उघडलं नाही.

त्याच आठवड्यात वकीलसाहेबांचा निरोप आला. विधी सेवेकडून मिळालेले वकील होते, साधा माणूस. म्हणाले, "पाचातल्या दोघांनी गुन्हा कबूल केला. भोगली तेवढीच शिक्षा झाली त्यांना, परवा घरी गेले. तुझा भाऊ तयार असेल तर बोलतो मी. तीन वर्षं होत आलीत, आठ-पंधरा दिवसांत सुटू शकतो."

मी म्हणाले, "सर, त्याच्या नावावर गुन्हा लागेल ना?"

"लागेल."

"न केलेला."

"हो पोरी."

"मग नको. नवा कायदा झालाय. चार-सहा महिन्यांत तिसरा हिस्सा भरतो त्याचा."

"कायदा लागू होऊ दे आधी. सही झाली म्हणजे लागू झाला असं नसतं."

"सर, मी राज्यशास्त्र घेतलं होतं."

हे मी म्हणाले. वकिलाला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "भावाला विचार. निर्णय त्याचा आहे."

भेटीच्या काचेला मी ते पान लावलं. भाऊनं पलीकडून ओठ हलवत वाचलं. मग रिसीव्हर घेतला.

"पक्कं का मॅडम?"

"पक्कं."

"ते दोघं गेले ना घरी. रोज डोळ्यासमोर येते. मी बी म्हनून टाकू का, हाव, केलं म्हनून?"

"तू केलं का?"

"नाई व. तुले मालूम हाय."

"मग कायले म्हणतो? उन्हाळा निघू दे. डोकं वर करून बाहेर येशील."

माय बाजूला उभी होती. काचेला तोंड लावून म्हणाली, "बाबू, तिनं वाचेल हाय."

भाऊनं पुन्हा एकदा त्या पानाकडे पाहिलं. "थांबतो मंग," म्हणाला. "मायले सांभाळजो."

दुसऱ्या सभागृहातही मंजूर झालं, सही झाली. कायदा मात्र लागू झाला नाही. लागू होण्याची तारीख सरकार वेगळी काढतं, ती पावसाळ्याची निघाली. माझ्या सहा मार्कांच्या उत्तरात ही पायरी नव्हती. लागू झाल्यावर प्रश्न निघाला की जुन्या केसेसना हे कलम चालतं का. तो वरच्या कोर्टात सुटला, चालतं म्हणाले. मी मायला पुन्हा सांगितलं, आता झालंच. वकीलसाहेबांनी अर्ज केला. तारखेला मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. सरकारी वकील उठले आणि त्यांनी त्याच कलमाचं दुसरं पोटकलम वाचलं: आरोपीवर एकाहून अधिक गुन्ह्यांचा खटला चालू असेल तर ही सवलत नाही. मनुष्यवध एक, मारहाण दोन, बेकायदा जमाव तीन. एकाच वरातीतले, एकाच संध्याकाळचे, पण कागदावर एकाहून अधिक. अर्ज नामंजूर.

बाहेर येऊन मी फोनवर तो मसुदा उघडला आणि बोटानं वर सरकवला. पुढचंच वाक्य होतं. आठ-नऊ महिने ते तिथेच होतं.

वकीलसाहेब रागावले नाहीत. म्हणाले, "मलाही वाटलं होतं एकाच प्रकरणाला हे लावणार नाहीत. काही ठिकाणी नाही लावत." मला ते ऐकू येत होतं आणि नव्हतंही. तोवर दुसरे न्यायाधीश आले होते, कबुलीचं बोलणंही मागे पडलं होतं.

गावात बोलणं पसरलं. कबूल करून सुटलेला एकजण पुन्हा बॅण्डमध्ये वाजवू लागला होता. पारावर मला ऐकवून म्हणाला, "आमच्या बहिनी अडानी हायेत बुवा. बरं झालं." सगळे हसले. मी तशीच पुढे गेले.

मायला मी दुसऱ्या पोटकलमाचं सांगितलं नाही. तारीख पुढे गेली, एवढंच सांगितलं. तिला साखरेचा आजार होता, पायाची जखम भरत नव्हती. त्या हिवाळ्यात ती खाटेला लागली. भेटीला येणं बंद झालं. मी एकटीच जायचे आणि भाऊ काचेपलीकडून माझ्या मागे पाहायचा, मग समजून रिसीव्हर घ्यायचा. शेवटच्या दिवसांत ती मधेच शुद्धीवर यायची आणि एकच विचारायची, "अजून किती वाचनं राह्यली व?"

मी म्हणायचे, "एकच, माय."

चैत्रात ती गेली. दुपारी, घरात, माझ्या हातावर.

भाऊला माती द्यायला येता आलं नाही. परवानगीचा अर्ज केला, ती मेल्यानंतरच्या जलदानविधीच्या दिवसापुरती मिळाली, चार तासांची. दोन पोलिसांबरोबर तो आला. दाढी पांढरी झाली होती, एकतिसाव्या वर्षी. आधी खाटेपाशी गेला. खाट उभी करून ठेवली होती. खाटेच्या पायाला हात लावून उभा राहिला. गाथा झाल्या. तो जेवायला बसला, पोलिसांनाही मीच वाढलं. त्यातला एक म्हातारा होता, म्हणाला, "घे ना पोरा, वरन घे अजून." भाऊनं ताट पुढे केलं.

मी त्याच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. मी पुढचं पान वाचलं नव्हतं. कबूल केलं असतंस तर मागच्या वर्षीच घरी आला असतास, माय असताना.

तो खात राहिला.

मग म्हणाला, "तू सांगतलं म्हनून थांबलो मी." एवढंच. आवाज चढवला नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही, आणि नाही केलं असंही नाही. थोड्या वेळानं विचारलं, "मायले मालूम होतं?"

"नाही."

"बरं केलं."

चार तास संपायच्या आधीच तो उठला. म्हणाला, "चला साहेब. गाडीले उशीर होईन."

त्यानंतर मी वकीलसाहेबांच्या मागे लागले. साक्षीदारांना समन्स पोचतं का, मी स्वतः विचारायला जायचे. सुनावणी लवकर व्हावी म्हणून अर्ज मी लिहिला, वकीलसाहेबांनी दोन शब्द बदलले. त्या दिवसांत मी प्रत्येक कागद मागून पुढून वाचायचे, कोऱ्या बाजूसकट. साक्षीदार आले. फिर्यादीनं सांगितलं, "लाल कोटवाल्यानं ढकललं." वकीलसाहेबांनी विचारलं, "बॅण्डमध्ये लाल कोटवाले किती होते?" तो म्हणाला, "सगळेच." "मग हाच कशावरून?" तो भाऊकडे पाहून म्हणाला, "आता नाही सांगता येत साहेब. खोटं कायले बोलू?" ज्याचा भाऊ त्या वरातीतल्या भांडणापायी मेला होता तो हा माणूस. बाहेर व्हरांड्यात आम्ही समोरासमोर आलो. तो म्हणाला, "आमचा बी गेला, बाई." मी म्हणाले, "हो दादा."

निकाल सकाळी लागला. आरोपीविरुद्ध गुन्हा सिद्ध झालेला नाही, अन्य प्रकरणात हवा नसल्यास त्याला तात्काळ मुक्त करावे. निकालपत्राची सगळी पानं मी तिथेच पायरीवर बसून वाचली.

भाऊ चार वर्षं सात महिन्यांनी सुटला, माय गेल्यावर पाच महिन्यांनी. नव्या कायद्याच्या त्या कलमानं आम्हाला एक दिवसही मिळाला नाही. मिळालं ते इतकंच: माझ्या भावानं न केलेला गुन्हा कबूल केला नाही, आणि आज त्याच्या नावावर कोणताही गुन्हा नाही.